जीए, सीसीसी आणि आपली द्राक्षबाग : थोडा इतिहास



खरड छाटण्या उरकत आल्या. औषधाच्या दुकानात सध्या एकच चर्चा आहे. सीसीसी कितव्या पानावर मारायचं आणि किती मारायचं? गेल्या साली, म्हणजे 2025 ला, मे महिन्यातच पावसाने धरलं. ऊन दिसेना. आणि गोड्या छाटणीनंतर डोळे फुटले तर कित्येक काड्यांवर घडाच्या जागी नुसत्या बाळ्या. त्यामुळे यंदा सगळेच धास्तावलेत, आणि धास्तावलेला माणूस डोस वाढवतो. म्हणून आज आठवड्याची नोंद बाजूला ठेवतो आणि ही औषधं आपल्या बागेत आली कुठून, ती वेलीत नेमकं काय करतात, हे जेवढं वाचून-विचारून मला कळलं तेवढं सांगतो. लेख लांब आहे. पाणी भरायला बसला असाल तेव्हा वाचा.

आपण या सगळ्यांना "संजीवक" म्हणतो. माझ्या मते निम्मा घोळ या शब्दानेच केलाय. संजीवक म्हटलं की जीव आणणारं, टॉनिक, थोडं जास्त पडलं तर चांगलंच. पण हे खत नाही. खत म्हणजे झाडाचं जेवण. हार्मोन म्हणजे झाडाच्या एका भागाने दुसऱ्या भागाला धाडलेला निरोप. झाडाला मज्जातंतू नाहीत, डोकं नाही, जागचं उठून सावलीला जाता येत नाही. मुळाला पाणी कमी पडलं हे पानाला कसं कळणार? शेंडा मोडला हे खालच्या डोळ्याला कोण सांगणार? त्यासाठी ही रसायनं झाड स्वतःच तयार करतं, तेही अगदी नखभर. मुख्य पाच धरतात: ऑक्सिन, जिबरेलिन, सायटोकायनिन, इथिलीन आणि अॅबसिसिक आम्ल. यातला कुणी वाढ म्हणतो, कुणी थांब म्हणतो, कुणी पान गाळ म्हणतो. आपण फवारतो तेव्हा झाडाच्या नावाने खोटा निरोप धाडतो. काम होतं, पण झाडाला तो खरा वाटतो म्हणून होतं.

नावं माहीत नसताना हे खेळ आपले म्हातारे खेळतच होते. हरभरा वीतभर झाला की बायका शेंडे खुडायच्या. घरात भाजी व्हायची आणि शेतात हरभरा फुटवे करायचा. शेंड्यात ऑक्सिन तयार होतं आणि ते खाली उतरत बगलेतल्या डोळ्यांना दाबून ठेवतं. शेंडा गेला की दाब गेला. केनेथ थिमन आणि फोक स्कूग या दोघांनी अमेरिकेत हे प्रयोग करून दाखवलं ते 1930 च्या दशकात. आपण खरड छाटणीनंतर सातव्या-आठव्या पानावर शेंडा मारून सबकेन काढतो, ती हरभऱ्याचीच खुडणी.

आंब्याची आढी तशीच. गवतात दडपलेला एक आंबा पिकला की शेजारचे पिकतात, कारण पिकणारं फळ इथिलीन वायू सोडतं. या वायूचा माग लागला तो रस्त्यावरच्या दिव्यांमुळे. युरोपात तेव्हा गॅसचे दिवे होते. जमिनीखालच्या नळीतून गॅस गळला की जवळच्या झाडांची पानं अवेळी गळायची. रशियाच्या दिमित्री नेल्युबोव याने 1901 मध्ये वाटाण्याच्या अंकुरांवर प्रयोग करून दाखवलं की त्या गॅसमधला इथिलीनच हे करतो. आपण ऑक्टोबरच्या छाटणीआधी पानगळीला इथेफॉन मारतो, ते झाडात शिरल्यावर हाच वायू सोडतं.

आता मुख्य पात्र, जीए. म्हणजे जिबरेलिक आम्ल. हे भाताच्या रोगातून निघालंय, हे मला फार उशिरा कळलं.

जपानात भाताला एक रोग पडायचा. काही रोपं एकदम उंच, फिकट, लुकडी व्हायची, इतर रोपांच्या वर डोकं काढायची आणि दाणा न भरताच लोळून मरायची. तिथल्या शेतकऱ्यांनी त्याला नाव दिलं "बाकानाए", म्हणजे खुळं रोप. (आमच्या देवळालीकरांना यात गंमत वाटेल. ब्रिटिश काळात परतीच्या जहाजाची वाट बघत गोरे सोल्जर इथल्या कॅम्पात महिनोन्‌महिने पडून असायचे. त्यातल्या काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागलेल्याला "डूलाली" म्हणायला लागले, ते आजही म्हणतात. आपल्या गावाच्या नावाचा असा उद्धार झालाय.) तर या खुळ्या रोपावर एईची कुरोसावा नावाचा जपानी संशोधक तैवानात काम करत होता. तेव्हा तैवान जपानच्या ताब्यात होतं. रोगाची बुरशी त्याने द्रावणात वाढवली, मग बुरशी पूर्ण गाळून टाकली आणि नुसतं पाणी निरोगी रोपांना दिलं. रोपं तशीच उंच गेली. साल 1926. म्हणजे बुरशी स्वतः रोप ओढत नव्हती, तिने सोडलेलं काहीतरी ओढत होतं. 1935 मध्ये तेइजिरो याबुता याने त्या पदार्थाला बुरशीच्या नावावरून जिबरेलिन म्हटलं, आणि 1938 मध्ये याबुता आणि सुमिकी यांनी त्याचे स्फटिक काढले. मग महायुद्ध आलं. पश्चिमेकडच्या देशांना ही गोष्ट नीट कळायला 1950 उजाडलं. पुढे कळलं की हा पदार्थ बुरशीचाच नाही, झाडं स्वतःही बनवतात. बुरशी झाडाचाच निरोप चोरून भलत्या प्रमाणात देत होती, आणि रोप त्याच निरोपाने मरत होतं. डोस वाढवायच्या आधी हे खुळं रोप डोळ्यासमोर आणा, एवढंच मी दुकानात म्हणत असतो.

द्राक्षाकडे जीए आलं कॅलिफोर्नियात. 1957-58 च्या सुमारास डेव्हिसच्या विद्यापीठात रॉबर्ट वीव्हर याने थॉम्सन सीडलेसच्या घडांवर ते वापरलं आणि मणी फुगले. तोवर तिथले बागायतदार मणी मोठा करायला खोडाची साल गोल काढायचे, ज्याला आपण गर्डलिंग म्हणतो. जपानात त्याच सुमारास डेलावेअर जातीचे घड जीएत बुडवून बियांच्या जातीतून बिनबियांची द्राक्षं काढायला लागले.

आता थॉम्सनलाच जीए का लागतं? मण्याला मोठं व्हायचा निरोप त्याच्या पोटातलं बी देतं. बी जिबरेलिन आणि ऑक्सिन तयार करतं, आणि त्या जोरावर गर फुगतो. थॉम्सनमध्ये बी धरतं पण कोवळेपणीच जिरून जातं. निरोप देणारंच कुणी उरत नाही. म्हणून हात न लावलेल्या थॉम्सनचा मणी बारीक राहतो. बेदाण्याला चालतो, पण पेटीत शोभत नाही. घड बुडवतो तेव्हा आपण मेलेल्या बियाची जागा भरून काढतो.

हे समजलं की नाशिकचा इतिहासही उलगडतो. आपल्या जिल्ह्यातली द्राक्षशेती सांगताना ओझरच्या रावसाहेब जयराम कृष्णा गायकवाड यांचं नाव आणि 1925 साल सांगितलं जातं. जुन्या लोकांच्या बागेत भोकरी असायची, फकडी असायची, पांढरी साहेबी असायची. भोकरीत बी होतं. ती आपली आपण फुगायची, कुणी घड बुडवत नव्हतं. साठच्या दशकात थॉम्सन आली, पुढे तीच पसरली, आणि तिच्याबरोबर जीएची पुडीही आली. मग त्याच थॉम्सनमधून आपल्याच बागायतदारांनी नजरेने निवडलेल्या जाती निघाल्या, सांगलीकडे तासगाव तालुक्यात तास-ए-गणेश, सोलापूरकडे नान्नजला सोनाका. पण बिनबियांची जात म्हटली की बुडवणी चुकत नाही.

या बुडवणीवर किती माणसं जगतात बघा. दिंडोरी-निफाडला हंगामात पेठ-सुरगाण्याच्या टोळ्या उतरतात. एका हातात द्रावणाचा मग, दुसऱ्या हातात घड, सकाळपासून. आमचा देवळाली कॅम्प, भगूर, लहवितचा पट्टा काही द्राक्षाचं माहेर नाही. आमच्याकडे दारणेच्या पाण्यावर ऊस, भाजीपाला आणि मधेमधे बागा. पण बुडवणीच्या दिवसांत इथेही मजूर मिळत नाही.

मात्रेचा हिशोब नव्या मुलांसाठी सांगून ठेवतो. एक ग्रॅम जीए शंभर लिटर पाण्यात म्हणजे 10 पीपीएम. पावडर पाण्यात सरळ विरघळत नाही, आधी अॅसिटोन किंवा अल्कोहोलात विरघळवावी लागते. आणि वेळेनुसार त्याच जीएचे अर्थ बदलतात. पोपटी रंगाच्या अवस्थेत दिलं तर घडाचा दांडा लांबतो आणि पाकळ्या मोकळ्या होतात. फुलोऱ्यात दिलं तर फुलं गळून विरळणी होते. मणी 3-4 मिलिमीटर झाल्यावर दिलं तर मणी फुगतो. आणि काडीत घड धरायच्या काळात झाडातच ते जास्त झालं तर घडच जिरतो. पहिल्या तिन्हीसाठी आपण पैसे मोजतो आणि चौथ्याची भीती बाळगतो. या चौथ्यासाठी सीसीसी.

पण सीसीसीकडे जायच्या आधी गव्हाकडे एक चक्कर मारू, कारण ही दोन्ही एकाच घरातली आहेत. जुना गहू उंच वाढायचा आणि युरिया दिला की लोळायचा. 1966 मध्ये सरकारने मेक्सिकोहून 18,000 टन बुटक्या गव्हाचं बियाणं आणलं. मग कल्याणसोना, सोनालिका आले, आमच्या वडिलांनी पेरलेले. त्या बुटकेपणाचं मूळ नोरिन-10 या जपानी गव्हात होतं. तो बुटका का, हे 1999 मध्ये शास्त्रज्ञांना सापडलं. त्याच्यात जिबरेलिन असतं, पण झाडाला त्याचा निरोप ऐकूच जात नाही. हरितक्रांतीचा गहू म्हणजे जिबरेलिनला बहिरा गहू.

ज्यांच्याकडे बुटक्या जाती नव्हत्या त्यांनी औषधाने तेच साधलं. 1960 मध्ये अमेरिकेत मिशिगनच्या विद्यापीठात टोलबर्ट याने क्लोरमेक्वाट क्लोराईड दाखवून दिलं. हेच आपलं सीसीसी. ते झाडाला जिबरेलिन तयारच करू देत नाही. युरोपातले शेतकरी गव्हाचं ताट लोळू नये म्हणून ते मारायला लागले, आजही मारतात. म्हणजे आपण एकाच वेलीवर जानेवारीच्या आत जिबरेलिन ओततो आणि एप्रिल-मेमध्ये तेच तयार होऊ नये म्हणून औषध मारतो! पहिल्यांदा कळलं तेव्हा मला हसूच आलं होतं.

का मारतो तेही सांगतो. खरड छाटणीनंतर कोवळ्या काडीच्या डोळ्यात एक सूक्ष्म अंकुर बसतो. तो सुरुवातीला घडही नसतो आणि बाळीही नसते, दोन्ही होऊ शकतो. सायटोकायनिन भारी पडलं तर घड होतो, जिबरेलिन भारी पडलं तर बाळी. ऑस्ट्रेलियात श्रीनिवासन नावाचा आपला भारतीय शास्त्रज्ञ आणि मायकेल मलिन्स यांनी सत्तरच्या दशकात हे प्रयोगात दाखवलं. सायटोकायनिन देऊन त्यांनी चक्क बाळीचा घड करून दाखवला. मग 2002 मध्ये ऑस्ट्रेलियातच आणखी एक पुरावा निघाला. पिनो मुनिए या जातीपासून त्यांनी एक बुटकी वेल मिळवली, गव्हासारखीच जिबरेलिनला बहिरी. तिच्यावर बाळीच्या जागी घडच घड.

आता गेल्या सालचा मे आठवा. ढग, सावली, जमिनीत ओल. वेल शेंड्याकडे पळते, काडी लांब कांड्यांची, पानांवर पान. डोळ्याला ऊन नाही आणि झाडात जिबरेलिनचा जोर. अंकुर बाळीकडे झुकणारच. त्यात आपल्याकडच्या पुष्कळ बागा डॉगरीजच्या खुंटावर आहेत, आणि तो खुंट मुळातच जोमदार. म्हणून हात सीसीसीकडे जातो. औषध खोटं नाही, ते खरंच वाढ रोखतं आणि घडनिर्मितीला मदत करतं. सगळी अडचण ते जातं कुठे यात आहे.

2010 चा हंगाम ज्यांनी पाहिला त्यांना सांगायला नको, पण आता बाग धरणारी पोरं तेव्हा शाळेत होती. त्या वर्षी युरोपात गेलेल्या आपल्या द्राक्षांत तिकडच्या प्रयोगशाळांना क्लोरमेक्वाट सापडलं. त्यांची मर्यादा होती किलोला 0.05 मिलिग्रॅम. म्हणजे वीस टन द्राक्षात एक ग्रॅम. इकडे निर्यातीआधी उर्वरित अंश तपासायची जी औषधांची यादी होती, तिच्यात त्या वर्षी सीसीसी नव्हतंच. इकडचा अहवाल स्वच्छ, तिकडचा लाल. माल बंदरात अडकला, भाव पडले, काही माल परत काढावा लागला. आमच्या मेव्हण्याची दिंडोरी तालुक्यात बाग आहे. त्याचा माल एका निर्यातदाराकडे गेला होता. पैसे आलेच नाहीत, उलट खर्चाचा कागद आला. बायकोचे दागिने तारण ठेवून त्याने पुढची छाटणी केली. अशी घरं तेव्हा गावोगाव होती.

सीसीसी मारलं एप्रिल-मेमध्ये आणि सापडलं पुढच्या फेब्रुवारी-मार्चच्या द्राक्षात. मधे एक छाटणी, एक पावसाळा आणि नवी फूट येऊन गेली. हे कसं? तर क्लोरमेक्वाट झाडात पटकन मोडत नाही. ते ओलांड्यात आणि खोडाच्या जुन्या लाकडात बसून राहतं आणि रसाबरोबर नव्या फुटीत वर चढतं. युरोपात नाशपातीच्या बागांत हाच अनुभव आला होता. वापर बंद करून वर्षं उलटली तरी फळात अंश निघायचे. जीए घडाला लागतं आणि काम करून संपतं. सीसीसी झाडाच्या हाडात शिरतं. दोघांना एकाच "संजीवक" नावाने एकाच फळीवर ठेवलं, तिथे आपल्याला हा फरक दिसेनासा झाला.

आणि त्याच युरोपात गव्हासाठी क्लोरमेक्वाटची मर्यादा द्राक्षाच्या कितीतरी पट जास्त. त्यांचा शेतकरी गव्हावर ते वापरतो म्हणून तिथे जास्त, द्राक्षावर वापरत नाही म्हणून तिथे जवळजवळ शून्य. मेव्हणा तेव्हा विचारायचा, त्यांच्या पावात चालतं आणि आपल्या द्राक्षात विष कसं होतं? प्रश्न चुकीचा नव्हता. पण ग्राहक त्यांचा, बंदर त्यांचं, नियम त्यांचा. पुढे आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत सीसीसी आलं आणि निर्यातीच्या बागांत लोक सावध झाले.

सध्या मला भीती आहे ती बाटलीवर नाव नसलेल्या मालाची. जीए, इथेफॉन, सीसीसी ही औषधं आपल्याकडे 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली येतात. हे पुष्कळांना माहीत नसतं, कारण कीड मरत नाही त्याला कीटकनाशक कोण म्हणेल? पण त्यामुळे त्यांच्या लेबलवर घटक आणि प्रमाण लिहावंच लागतं. दुसरीकडे "घडनिर्मिती स्पेशल", "काडी पक्की" असल्या नावाखाली समुद्री शेवाळ आणि अमिनो आम्ल म्हणून बाटल्या विकल्या जातात. 2021 मध्ये सरकारने जैव उत्तेजकांना खत नियंत्रण आदेशाखाली आणलं. तरी ज्या बाटलीने आठ दिवसांत शेंडा थांबतो, ती नुसतं शेवाळ नाही एवढं आपणच ओळखायला हवं. शेवाळाने वेल अशी एकाएकी थांबत नाही. निर्यातीला बाग द्यायची असेल तर अशी बाटली आधी प्रयोगशाळेत द्या. मांजरीचं राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र 1997 पासून आहे, त्यांचं वेळापत्रक बघा, आणि निर्यातीसाठी शिफारस नसलेलं काहीही शेजाऱ्याच्या सांगण्यावरून मारू नका, मग तो शेजारी मी असलो तरी.

सीसीसी न मारता जिबरेलिनचा जोर कमी होतो का? बराचसा होतो. पाणी आणि नत्र या दिवसांत हात राखून, म्हणजे वेल पळत नाही. शेंडा वेळेवर मारायचा. फुटी विरळ करून प्रत्येक डोळ्यावर ऊन पडेल अशी काडी पसरायची. पाण्याचा ताण बसला की झाडात अॅबसिसिक आम्ल वाढतं, तेही वाढीला लगाम घालतं. अर्थात मे महिन्यातच आभाळ फाटलं तर यातलं निम्मं हातात राहत नाही, हे गेल्या साली पाहिलंच. पांढरी मुळी जिवंत ठेवायची, कारण सायटोकायनिन मुख्यतः मुळाच्या टोकाकडून येतं. पाणी साचलेल्या बागेत मुळी कुजते आणि घडाच्या बाजूचा निरोपच वर पोचत नाही. गेल्या साली चर काढलेल्या बागा तुलनेने बऱ्या राहिल्या, ते मी आमच्या शिवारात डोळ्याने बघितलंय.

माझ्या खालच्या प्लॉटात सहा ओळींमध्ये यंदा सीसीसीचा थेंब नाही, फक्त शेंडा, विरळणी आणि पाण्याचा हिशोब. ऑगस्ट अखेरीला त्या ओळींच्या आणि शेजारच्या ओळींच्या काड्या वेगवेगळ्या बांधून तपासणीला देणार आहे. कितव्या डोळ्यावर घड, कितव्यावर बाळी, जसा अहवाल येईल तसा इथे टाकतो.